कार्डाचा उजवा कोपरा

लातूर,
१६ जानेवारी १९८३

तीर्थरूप साहेबराव मामांना,
विशाखाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. म्हणजे माझंच इंग्रजीचं पान परत आलं, तुमच्या लाल पेन्सिलीसकट. आठवड्याला एक पान लिहून तुम्हाला धाडायचं हे मी मान्य केलं होतं, पण पानावर माझी शाई कमी आणि तुमचा लाल रंग जास्त, हे काही मान्य केलं नव्हतं.

माझी पंचाईत अशी की तुम्ही ‘अँड’च्या आधी स्वल्पविराम घालता आणि आमचे हेडक्लार्क भुजंगराव तो काढतात. तेच वाक्य मी दोनदा टाइप केलं आणि दोन्ही वेळा चुकलं. जिल्हा नवा म्हणून मी ‘द लातूर’ लिहिलं, तर ते म्हणाले, जिल्हा कितीही नवा असला तरी त्याला ‘द’ लागत नाही. दुष्काळाच्या इंग्रजी शब्दात ‘जी-एच’ कशाला, उच्चारात तर नाहीत, असं विचारलं. तर म्हणाले, आपल्याकडच्या विहिरींसारखे आहेत ते, नुसते दिसायला.

मार्चमध्ये सरकारी टायपिंगची परीक्षा आहे. पास झाले तर कचेरीतली जागा राहील, नाहीतर मार्चअखेर संपेल. मग व्यंकटीकाका बाबांना स्वस्थ बसू देणार नाहीत. पोरीला आणा आणि उजवून टाका, हे त्यांचं ठरलेलंच आहे. बाबांनी एकच अट घातली होती, दर सोमवारी घरी कार्ड टाकायचं. ती मी चुकवत नाही.

लोभ आहे तसाच ठेवा, पेन्सिलीला मात्र फार टोक करू नका.

तुमची भाची,
विशाखा

•

मुदखेड,
२४ जानेवारी १९८३

चि. विशाखास,
मामाचा जयभीम आणि मनापासून आशीर्वाद.

तुझ्या भुजंगरावांनी माझ्यासारखे जन्मात मालगाडीचे डबे जोडलेले दिसत नाहीत. दोन डब्यांच्या मध्ये कपलिंग लागतं, तसा दोन शब्दांच्या मध्ये स्वल्पविराम. तो काढला की मागचा डबा मुदखेडलाच राहतो. त्यांना माझं नाव सांगून कळव. नको, सांगू नकोस. तुझी जागा त्यांच्या हातात आहे.

परवा सुट्टीला गावी तुमच्या घरी गेलो होतो. अक्कानं तुझी कार्डं फळीवरून काढून दाखवली. तुला सांगितलं होतं ना, मजकूर मराठीत असला तरी वर उजव्या कोपऱ्यात ठिकाण आणि तारीख इंग्रजीतच लिही, हात वळतो. लिहितेस, पण ‘जानेवारी’त दोन ‘एन’ घातलेस आणि मग खोडलेस. खाडाखोड केलेलं कार्ड म्हणजे ठिगळ लावलेलं लुगडं. मी तिथंच पेन्सिल काढली. दाजी म्हणाले, पोरीनं धाडलेलं कार्ड लाल करू नका, बरं दिसत न्हाई. मी म्हटलं, पुढच्या वेळी कोरं करकरीत येईल.

गावात टँकर चार दिवसांनी येतो. अक्का आणि दाजी रोजगार हमीवर खडी फोडायला जातात. तू काळजी करू नकोस, अभ्यास कर.

मामाची माया गृहीत धर, मार्क मात्र गृहीत धरू नकोस.

तुझा,
साहेबराव मामा

•

लातूर,
२८ फेब्रुवारी १९८३

तीर्थरूप मामांना,
सविनय जयभीम. वि. वि.

येत्या रविवारी परीक्षा. शकिला, माझ्या शेजारच्या टेबलावरची, म्हणते की मी झोपेतसुद्धा बोटं हलवते. तिच्या अब्बांचा टायपिंगचा क्लास आहे. त्यांनी मला सरावाला मशीन दिलं आहे.

आज सोमवार, घरचं कार्ड लिहिलं. पेटीशी गेल्यावर ध्यानात आलं की कोपऱ्यातल्या ‘फेब्रुवारी’तला पहिला ‘आर’ राहिला आहे. दुसरं कार्ड जवळ नव्हतं आणि टपाल निघायची वेळ झालेली. खोडावं तर पुढच्या सुट्टीला तुम्ही पेन्सिल घेऊन बसणार. शेवटी पट्टी लावून तेवढा कोपराच फाडून टाकला. कडा इतकी सरळ आली आहे की तुम्हीसुद्धा नाव ठेवणार नाही. मजकुरात बाबांना एवढंच लिहिलं आहे की मी बरी आहे, रविवारी परीक्षा आहे, काळजी नसावी.

आशीर्वाद लवकर धाडा, रविवारच्या आत पोचेल असा.

तुमची,
विशाखा

•

मुदखेड,
१० मार्च १९८३

चि. विशाखास,
आशीर्वाद.

लातूरहून परतलो तेव्हा तुझं पत्र दाराच्या फटीतून आत पडलेलं होतं. ते दोन दिवस आधी हाती आलं असतं तर! वाचून आधी हसलो, मग पुन्हा वाचलं.

पोरी, वाईट बातमीच्या कार्डाचा कोपरा फाडतात. ते उंबऱ्याच्या आत नेत नाहीत, बाहेरच वाचून फाडून टाकतात. हे तुला मी काय सांगावं? वस्तीतली असली पत्रं चौथीपासून तूच वाचत आलीस. माझ्या पेन्सिलीच्या धाकानं तुला तेवढंसुद्धा आठवलं नाही, हे माझ्या मनाला लागलं.

तिकडे काय झालं ते तुला कुणी नीट सांगितलं नसेल. शुक्रवारी कार्ड आलं. तू गेल्यापासून वस्तीत वाचणारं माणूस नाही आणि मास्तर तालुक्याला गेलेले. व्यंकटीनं फाटका कोपरा पाहिला, बोंब ठोकली आणि न वाचताच कार्डाचे तुकडे करून नाल्यात टाकले. आता त्यात काय होतं, कोण गेलं, सांगायला कुणी नाही. दाजींना वाटलं साहेबराव गेला आणि पोरीनं कळवलं. ते खडीवरून तसेच उठून निघाले आणि शनिवारी माझ्याकडे पोचले. मी भाकरी खात होतो. गळ्यात पडून म्हणाले, तू हाईस, तू हाईस. मग गळ्यातले हात एकदम सुटले. मी जिवंत, तर मग गेलं कोण? कार्ड तू लिहिलेलं नसेल, तुझ्याबद्दलचंच असेल तर? भाकरी तशीच टाकून निघालो.

रविवारी सकाळी तुझ्या खोलीवर घरमालकीण म्हणाली की परीक्षेला गेली. म्हणजे तू धडधाकट आहेस, हे मला कळलं. मी दाजींना हात जोडून म्हटलं, दोन तास थांबू. ते म्हणाले, डोळ्यांनी बघतो, मग जलमभर थांबतो. मला धरून ठेवता आलं नाही. पुढचं तुला माहीत आहे.

आणखी एक. कार्ड आलं त्याच दिवशी गावात टँकर आला होता. दुखवट्याच्या घरी पाणी शेजाऱ्यांनीच भरायचं असतं, म्हणून वस्तीतल्या बायकांनी आपापल्या घागरीतून तांब्या तांब्या ओतून अक्काचा रांजण काठोकाठ भरला. आता मीही जिवंत आणि तूही जिवंत निघालीस. अक्का म्हणते, एवढं पाणी परत कसं करू? कुणी घेतही नाही.

रागावली असशील तर राग लिहून धाड, मी दुरुस्त करणार नाही.

साहेबराव मामा

•

लातूर,
२७ मार्च १९८३

तीर्थरूप मामांना,
सविनय जयभीम. वि. वि.

रागावू कुणावर? परीक्षेच्या दारातून बाबांची हाक आली तेव्हा माझं अर्धं पान झालं होतं. साठ मशीनच्या खडखडाटात मला ती कशी ऐकू आली, कळत नाही. मी उठले. परत बसू दिलं नाही. जागेवरून उठलं की परीक्षा संपली, असा नियम आहे म्हणे. भुजंगराव स्वतः परीक्षकांना भेटले, विनंतीचा अर्ज स्वतःच्या हातानं लिहिला. त्यात त्यांनी ‘अँड’च्या आधी स्वल्पविराम घातला होता. तरीही अर्ज मानला नाही.

कचेरीतली जागा गुरुवारी संपेल. पुढची परीक्षा पावसाळ्यानंतर. शकिलाचे अब्बा म्हणतात, तोवर सकाळच्या मुलींना क्लासात शिकव, खोलीपुरतं सुटेल. पण काकांचा निरोप आला आहे की बिऱ्हाड आवरून ठेव, कुणीतरी न्यायला येईल. बाबा त्या दिवशी माझ्याकडे नुसते बघत राहिले, पाणी प्याले आणि जेवतेस का एवढंच विचारून गेले. त्यांच्या मनात काय आहे, मला उमगलं नाही. ज्यांना मी मेल्याचं दुःख दिलं, त्यांच्याशी वाद कुठल्या तोंडानं घालू? ट्रंक भरली आहे. कुलूप लावलेलं नाही.

उद्याचं कार्ड लिहून झालं. ‘मार्च’ तेवढं बरोबर आहे.

माया असू द्या, आता तीच पुरवून वापरायची आहे.

तुमची,
विशाखा

•

(कंधार तालुका, मास्तरांच्या हातचं)
४ एप्रिल १९८३

विशाखास बापाचा जयभीम.

मास्तरला म्हनलं, मी बोलतो तसंच लिव्हा, सुदारू नका.

तुजं कार्ड आलं. घेताना आदी चारी कोपरे बोटानं चाचपले, मग मास्तरकडं गेलो. तुजी माय बरी हाय. पानी हाय, रांजनात आजून.

व्यंकटी न्यायला निगाला हुता. त्याला म्हनलं, बस. पोर गेली म्हनून येकदा रडून झालंय. आता जित्या पोरीला घरात कोंडून दुसऱ्यांदा रडायचं न्हाई. तू तितंच ऱ्हा. साहेबराव परवा हितं यिऊन सांगून गेला, त्या शकिलाच्या बापाकडं शिकीव. परीक्षा पुन्ना दे. त्या दिशी मी दारात यीन, पर हाक मारनार न्हाई.

साहेबरावाची पेन्सिल मी ठिवून घेतली हाय. तू लिव्हत जा. चुकलं तर चुकू दे. खोडलं तर खोडू दे. कोपरा तेवडा ऱ्हाऊ दे.

तुजा बाप,
निवृत्ती