बेटावरच्या आजोबांची जबाबदारी

३ तारीख. दुपार.
पोहोचलो. बेट सुंदर आहे, पण नियोजन शून्य. समुद्र चारी बाजूंनी मोकाट सोडलेला. एका बाजूला पुरला असता.

स्वयंसेवा केंद्र म्हणजे पत्र्याखालच्या चार खोल्या. संचालिकाबाईंना सांगितलं, हजर झालो. बाई गडबडल्या. अर्जाला होकार यायच्या आतच मी येऊन थडकलो होतो. होकाराची वाट उमेदवार बघतात. मी खरेदी विभागाचा अधीक्षक म्हणून निवृत्त झालोय. बाई आत गेल्या, बऱ्याच वेळानं बाहेर आल्या आणि एकदम मऊ आवाजात म्हणाल्या, सर, तुमच्याजोगी एक योजना आहे. ‘एकट्या ज्येष्ठांना सोबत’. पंधरा दिवस बघू, जमलं तर वर्षभर.

जमायलाच हवं. घरी माझी खोली सूनबाईंनी ऑफिसला घेतली. मी बॅग घेऊन बाहेर पडत होतो तेव्हाच त्यांचं टेबल आत येत होतं. दारात दोघे अडकलो. शिवाय अख्ख्या सोसायटीत सांगून आलोय की तिकडे माझ्यावाचून अडलंय. पंधरा दिवसांत परत गेलो तर झोपायचं हॉलमध्ये आणि तोंड लपवायचं जिन्याखाली.

४ तारीख. सकाळ.
माझ्याकडे सोपवलेले आजोबा आले. जुने नावाडी, पंचाहत्तरी उलटलेली, एकटेच राहतात. मला न्यायला स्वतः केंद्राच्या हॉस्टेलच्या दारात उभे. बिचाऱ्यांना घर खायला उठत असणार.

वाटेत बेकरीवाल्या बाईंनी विचारलं, काय, कसं आहे? मी म्हटलं, केस आजच हातात घेतलीय, सुधारणा होईल. त्या आजोबांकडे बघून म्हणाल्या, देव तुम्हाला बळ देवो. मी थँक्यू म्हटलं.

५ तारीख.
आजोबांचं ब्लडप्रेशर तपासलं. नॉर्मल. त्यांना धीर यावा म्हणून माझंही तपासलं. भलतंच वर. दमट हवेनं मशीन बिघडलं. नवंकोरं आणलं होतं. नंतर जरा गरगरलं तेव्हा आजोबांनी मला सावलीत आडवं केलं आणि पुठ्ठ्यानं वारा घातला. त्यांच्या खांद्यांना चांगला व्यायाम झाला.

६ तारीख.
संकल्प: आजोबांना रोज दीपस्तंभापर्यंत चालवणे. सबबी ऐकून घेणार नाही.

६ तारीख. नंतर.
अर्ध्या वाटेत माझ्या टाचा सोलल्या. दोष बुटांचा. आजोबा कुणाची तरी मासळीची हातगाडी घेऊन आले. म्हाताऱ्या माणसाला आपण उपयोगी आहोत असं वाटणं फार महत्त्वाचं असतं, म्हणून बसलो. येताना बेकरीवाल्या बाईंनी विचारलं, आज कसं? गाडीतूनच सांगितलं, प्रगती आहे.

८ तारीख.
आजोबांचे हात चालते राहावेत म्हणून माझे दोन शर्ट धुवायला नेले. त्यांनी बादली माझ्यापुढे सरकवली आणि स्वतः शेजारी स्टूल टाकून बसले. हातात जोर राहिला नसावा. मग मीच धुतले. पिळताना म्हणाले, उलट्या बाजूनं पीळ. अधिकाराची हौस या वयात उफाळून येते. चालू दिलं.

९ तारीख.
आजोबांचं ऐकणारं कुणी नाही, हे लक्षात आलं. म्हणून मी बोललो. पंख्यांची ती वादग्रस्त खरेदी मी एका शेऱ्यानं कशी रोखली, ते सविस्तर सांगितलं. जेवणापर्यंत. त्यांनी मधे एकदाही तोंड उघडलं नाही. इतकी भूक होती सोबतीची!

११ तारीख.
सौ.चा फोन. पहिला प्रश्न: चहा कोण करतं? म्हटलं, कालपासून मी. आजोबांनी शिकवला म्हणजे काय, त्यांना शिकवू दिला. ती बराच वेळ हसत होती. मग म्हणाली, त्या म्हाताऱ्या माणसाला फार छळू नका हो. म्हटलं, अगं, सेवा करतोय. म्हणाली, तेच म्हणतेय मी.

१३ तारीख.
मोठं यश! पंख्यांची हकिगत सांगताना मला ठसका लागला, तर पुढची सगळी आजोबांनी सांगितली. शेऱ्यासकट. साहेबांच्या आवाजासकट. स्मरणशक्ती थक्क करण्याइतकी सुधारली आहे. केंद्रानं हे नोंदवून घ्यायला हवं.

१५ तारीख.
भयंकर दिवस. आजोबा हरवले.

बाजारात मी टोपी बघत होतो, वळतो तर आजोबा गायब. गल्लीबोळ पालथे घातले. एकच निळं दार चार ठिकाणी लागलं. बांधणाऱ्यांना अक्कल नाही. शेवटी एका पोलिसाला वर्णन सांगितलं. त्यानं माझ्या खिशातली चिठ्ठी वाचली (आजोबांचा पत्ता; त्यांनीच कधीतरी ठेवली असावी, विसरभोळेपणा दुसरं काय) आणि मला मोटारसायकलवर बसवून घेऊन गेला. आजोबा दारातच उभे होते. चेहरा पांढराफटक. मला बघून एकदम खालीच बसले.

तर अशा रीतीनं मी त्यांना शोधून काढलं. रागावणार होतो, पण त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला होता की राहून गेलं.

१७ तारीख.
उद्या केंद्रात कार्यक्रम. निकालही तिथेच. छोटंसं भाषण तयार केलं. सुरुवात नम्र ठेवलीय, शेवटापर्यंत नम्रता टिकणार नाही. शर्ट स्वतः धुतला.

१८ तारीख.
सविस्तर लिहावंसं वाटत नाही. पण शिस्त म्हणजे शिस्त.

हॉल भरलेला. संचालिकाबाई माइकवर म्हणाल्या, या मोसमातली सर्वांत अवघड केस, आणि त्या स्वयंसेवकानं ती न चिडता सांभाळली. कधी आवाज चढवला नाही. मनात म्हटलं, खरंय. खुद्द माणूस हरवला तेव्हाही धीर सोडला नाही, त्या म्हणाल्या. हेही खरं. एकच पंख्यांची गोष्ट रोज पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकली.

इथे जरा शंका आली. पण तोवर मी उठून स्टेजवर पोहोचलो होतो, हात पुढे करून. बाईंचा हात माझ्या हाताला वळसा घालून गेला. मागे आजोबा उभे होते. टाळ्या. बेकरीवाल्या बाई रडत होत्या.

बाईंनी मला बाजूला घेऊन समजावलं. सर, आमच्याकडे सोबत करणारे म्हातारे खूप आहेत. सोबत लागणारेच कमी पडतात. तुम्ही आलात, बरं झालं. म्हटलं, म्हणजे मी स्वयंसेवक नाही? म्हणाल्या, नाही सर. तुम्ही लाभार्थी.

मग माझ्यादेखतच त्यांनी आजोबांना विचारलं, यांना घरी पाठवायचं का? डोळ्यांपुढे जिना आला. आजोबांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाले, माणूस चांगला आहे. पण ऑफिस अजून अंगातून उतरलेलं नाही. वर्षभर राहू दे.

मला दोन शब्द बोलायला सांगितलं. भाषण खिशात होतं. म्हटलं, थँक्यू.

१९ तारीख.
सौ.ला फोन केला. सांगितलं, वर्षभराची मुदत मिळाली. म्हणाली, बरं झालं, मला धाकधूक होती. त्या बाईंनी तुम्ही पोहोचलात त्याच दिवशी मला फोन केला होता, परत पाठवू का म्हणून. मीच म्हटलं, सांभाळून घेणारं कुणी असेल तर ठेवून घ्या.

मग मला का सांगितलं नाहीस?

म्हणाली, अहो, रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच तुमचा आवाज खुशीत ऐकत होते.

म्हटलं, आवाज नीट येत नाहीये. लाइनही खराब होती.

थोडक्यात, घरच्यांचा पूर्ण पाठिंबा आहे.