समवाटा पक्षात मी

३ डिसेंबर
परत तोच माणूस! मरोळ नाक्यावर, स्कूटरवर बसलेला. आमच्या प्रचाराचे फोटो काढत होता. माझा एकटीचाही काढला. किरण हसली — "काढू दे गं, फुकट प्रसिद्धी!"
किरण रिबेलो, समवाटा पक्षाची आमची उमेदवार. तिला कशाचीच भीती नाही. मी मात्र हातातली पत्रकं तोंडासमोर धरली.

५ डिसेंबर
जेवताना माझा नवरा सौरभ म्हणाला, "चर्चवाल्यांचा पक्ष तो. सोड ना." मी म्हटलं, आमची पॅकिंगची कंपनी शेठने बंद केली तेव्हा कोण आलं धावून? किरणच ना! कामगारांची सोसायटी काढून तिनेच परत सुरू केली. आज आम्ही सगळेच मालक. ती म्हणते, येशू सुतार होता यार, शेठ नव्हता. मिळेल ते सगळ्यांनी वाटून खा, म्हणाला. मला पटतं. म्हणून मी काय ख्रिश्चन झाले? घरी गणपती बसतोच की.
दिशा मध्येच म्हणाली, "आई, बसमधली मुलं विचारतात — तुझी आई बाटली का?" आठ वर्षांची पोर!

८ डिसेंबर
फोन. अनोळखी आवाज. "तुमची मुलगी शाळेच्या कुठल्या गेटने बाहेर येते, माहितीये आम्हाला."
सौरभला सांगितलं. पांढराफटक पडला.

९ डिसेंबर
दिशाला मीच आणली. रस्ताभर मागे वळून बघत होते.

११ डिसेंबर
वाट लागली! पोलिसांनी किरणला भर सभेतून नेलं. म्हणे, उत्तरा नावाच्या बाईला नोकरीचं आमिष दाखवून बाटवलं. उत्तरा म्हणजे मी! मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

१२ डिसेंबर
सौरभला म्हटलं, चल पोलीस स्टेशनला, खरं काय ते सांगू. जागचा हलेना. मग म्हणाला, "तक्रार मीच दिलीय." फोनवाले दोघं त्याच्या ऑफिसखाली आले होते. सही कर, फोन बंद होतील, म्हणाले.
तो रडत होता. "तू गेलीस तर परत येतील गं फोन."
येतील. मलाही माहितीये.

१३ डिसेंबर
गेले. सांगितलं — माझा नवरा खोटं बोलला. संध्याकाळी किरणला सोडलं.
घरी आले. दिशाचे कपडे नाहीत, दप्तर नाही. सौरभचा फोन लागत नाही.