खडकावरचं बाळंतपण

१४ जानेवारी १९८६, पूर्णगड

हातावर तिळगूळ ठेवला आणि तोंडावर खोटं बोलले! शाळेतली बाई मी!

मुंबईहून दोघे आले होते, गळ्यात दुर्बिणी. समुद्रपक्षी कुठे कुठे अंडी घालतात त्या जागा नकाशावर घेतायत. नकाशात आलेली जागा राखायची, तिथे सुरुंग नाही, बांधकाम नाही, अशी शिफारस जाणार सरकारकडे. ‘बाई, समोरच्या खडकावर वीण होते का?’ समुद्र शांत म्हणून थंडीत आले बिचारे. आत्ता तिथे काय असणार – कावळा! वैशाखात आले असते तर खडक दिसला नसता, नुसती पाखरं. पांढरी, काळ्या टोपीची. मुंबईवाले त्यांना सुरय म्हणतात.

मी म्हटलं, ‘नाही हो. बसतात, उडून जातात.’ त्यांनी तसं लिहून घेतलं.

१५ जानेवारी

झोप नाही. का बोलले तसं?

ह्यांच्यासाठी. खाडीच्या मुखाशी वाळूच्या दांड्यावर ह्यांची होडी उलटली. तिथे दगडी बांध व्हायचाय, म्हणजे होड्या सुखरूप आत येतील. दगड समोरच्या खडकाचाच काढायचा. डोंगरातला आणता येईल, पण रस्ता करा, जमिनी मागा – काम रेंगाळेल. भागोजीने, माझ्या दिराने, देवळातल्या बैठकीत सगळ्यांना बजावलं होतं, ‘पाखरांचा विषय कोणी काढायचा नाय! नायतर बांध गेला जयगडला.’

आप्पा, माझे सासरे, खांबाला टेकून बसलेले. हो नाही की नाही नाही. ज्यांचा मुलगा तिथे बुडाला त्यांच्यासमोर मी कुठल्या तोंडाने पाखरांची बाजू घेऊ?

२५ एप्रिल

पाखरांचा हंगाम लागला. आप्पा खडकावर नारळ ठेवून आले. तो मान आमच्या घराचा. आता नारळी पुनवेपर्यंत तिथे कोणी पाय ठेवायचा नाही, अंड्याला हात लावायचा नाही. ‘बाळंतपण हाय तिथं,’ असं आप्पा दरवर्षी गावाला सांगतात. ह्या वर्षीही सांगितलं.

बांध मंजूर झाल्याचं कालच कळलंय. चहा देताना विचारलं, ‘आली का पाखरं?’

‘आलीत.’

बस, एवढंच बोलणं.

३ फेब्रुवारी १९८७

सुरुंग सुरू झाले. फळीवरची भांडी खडखडतात. भागोजी घरोघर पेढे वाटत फिरला. मीही घेतला, हसून घेतला. निर्लज्जपणाच तो.

१९ एप्रिल

पाखरं आली.

किल्ल्याच्या तटावर जाऊन बघितलं. खडक अर्धा उरलाय. पाखरं घिरट्या घालतात, बसतात, सुरुंग उडाला की सगळी वर. पुन्हा बसतात. भागोजी मागून आला. ‘दुसरा खडक बघतील वहिनी. त्यांना काय तोटा?’

असा संताप आला! म्हटलं, ‘दिवस भरलेली बाई दारात आली तर तिला असंच सांगशील काय रे?’

तो तटावरून खाली उतरून गेला. वाईट नाही तो. त्याचाही भाऊच गेलाय. आणि ओरडतेय कोण? मी! मुंबईवाल्यांसमोर कुठे गेला होता हा आवाज?

६ मे

खडकावरच्या कामगारांनी अंडी बादलीत भरून आणली. तळून खाल्ली म्हणे. त्यांना कोण सांगणार बाळंतपण आहे म्हणून?

१८ मे

पाखरं दिसत नाहीत. आप्पांनी ह्या वर्षी नारळ काढलाच नाही. मी विचारलं तर म्हणाले, ‘कुठं ठेवू?’

२० मे

संध्याकाळी आप्पा आपण होऊन बोलले.

‘ते मुंबईवाले आले तेव्हा मी माजघरातच व्हतो गो. वाटलं, आता तू सांगशील. तू नाय म्हणालीस. म्हटलं, पोरीचं कुंकू गेलं तिथं, तिला बांध हवाय लवकर. मग मी कशाला तोंड उघडू?’

मी म्हटलं, ‘आप्पा, मी तर तुमच्याकडे बघून गप्प बसले!’

 ते म्हणाले, ‘आपल्या घरानं डोंगरातला दगड आणा म्हटलं असतं, तर गावात एक माणूस उलट बोलला नसता.’

खरं आहे. एकसुद्धा बोलला नसता.