गळ्यातलं फळकूट

आये, तू कशी आहेस? तिथं तरी कंबर धरत नाही ना? आजीचा दमा बसला का? बांचा गुडघा काय म्हणतो? आणि आपला धाकटा, जेवतो का वेळेवर? आता तोही तिकडंच आला. सगळे एका ठिकाणी, आणि मी एकटी मागं, म्हणून एकेकाचं विचारते.

आज भोरजवळच्या टेकडीवरचा तो बंगला फार आठवला. एका फ्रेंच मडमेनं तिथं शाळा काढली होती, मुंबईतल्या फ्रेंच व्यापाऱ्यांच्या लेकरांसाठी. तू स्वयंपाकाला राहिलीस आणि एवढंच मागितलंस, की माझ्या पोरीला मागच्या बाकावर बसू द्या. मडम बसू द्यायला तयार झाली, पण फाटकाच्या आत फक्त फ्रेंच बोलायची, हा तिचा नियम आपल्यालाही लागू झाला. दुसरी भाषा तोंडून निघाली की दोरीला बांधलेलं लाकडाचं फळकूट गळ्यात यायचं. दुसरं कुणी चुकेपर्यंत ते तिथंच. शनिवारी दिवेलागणीला ज्याच्या गळ्यात असेल, त्याला रविवारी फाटक बंद, घरी जायचं नाही.

बाकीची लेकरं आईच्या पोटातूनच फ्रेंच घेऊन आलेली, ती कशी चुकणार? चुकणारी मी एकटी. ठेच लागली की तोंडातून ‘आई गं’च यायचं. तू तर मुक्यानंच रांधायचीस. पळी एकदा वाजली की ताटं घे, दोनदा वाजली की पाणी. कुंपणापलीकडं आपल्या उत्रोलीची खाचरं दिसतात, आपल्या घराचा धूर दिसतो, आणि मी तारेला धरून उभी आहे, दाव्याच्या वासरागत. हाकेच्या अंतरावर घर, आणि हाक मारायची बंदी.

पहिल्याच शनिवारी फळकूट माझ्या गळ्यात होतं. मी डोळे पुसतच आत आले. मडम दारात उभी होती. तू माझ्याकडं बघितलंस, आणि रस्सा ढवळता ढवळता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालीस, “पोरी, उद्या घरी जाशील तवा धाकट्याचा माझ्या वाटणीचा एक मुका घे.”

मडम जरा घुटमळली. मग नियम तो नियम, तिनं फळकूट काढून तुझ्या गळ्यात घातलं. तू पदर सावरून मान पुढं केलीस, जशी लग्नात केली असशील.

त्यानंतर दर आठवड्याला हेच. मी चुकायची, शनिवारी तू माझ्यासाठी चुकायचीस. मी घरी, तू आत. आजीनं निरोप धाडला, की एक रविवार तू ये, पोर राहील तिथं. तू हसलीस. “एकदा गळ्यात पडलं की मला बोलायला मोकळीक हाय गं. ह्यो एक दिस मी पोटभर बोलून घेते. चुलीशी का हुईना.”

दिवाळीला शाळा बंद झाली तेव्हा तू घरी आलीस. धाकटा आजीच्या लुगड्यामागं लपला आणि ही कोण म्हणून विचारू लागला. “बरं झालं,” म्हणालीस, “माझ्यासाठी रडत तर न्हाई.” मग तुळशीपाशी बराच वेळ पाठमोरी उभी राहिलीस.

पुढं लढाई लागली, शाळा उठली, मडम बोटीनं गेली. निघायच्या घाईत फळकूट तुझ्याच गळ्यात राहिलं. तेवढंच काय ते तू तिथनं आणलंस. मराठी अक्षरं त्या शाळेत नव्हतीच. ती मी पुढं नातवंडांच्या पुस्तकांवरून माझी मी गिरवली. हे पत्र त्याच अक्षरांत आहे. धाडायचं कुठं, ते मात्र कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

एक सांगते, हसू नकोस. आज शनिवार, आणि सकाळपासून ते फळकूट मी गळ्यात घालून बसले आहे. सून विचारते, आत्याबाई, हे काय. तिला काय सांगू? ते कसं उतरतं, हे तुला ठाऊक आहे. तुला लिहिता येत नाही, हेही मला ठाऊक आहे. म्हणून नुसती बोललीस तरी चालेल. पण लवकर बोल.