छाती गप्प झाली

३ नोव्हेंबर
पोचले. पुण्याहून रात्रभराचा प्रवास, तरी थकवा नाही. कामठीच्या पुढची ही बंद पडलेली दगडखाण पाण्यानं भरली आहे, खोल आणि अगदी स्थिर. एका श्वासात, पायाला फिन न लावता खोल जायचं शिकायला यापेक्षा चांगलं पाणी नाही, असं माझे प्रशिक्षक धम्मानंद सर म्हणाले. जवळच कौसल्याबाईंकडे खोली मिळाली. त्यांनी आल्या आल्या संत्री सोलून हातात दिली. जानेवारीत राष्ट्रीय स्पर्धा. फार खूश आहे मी.

९ नोव्हेंबर
पाण्यात सरळ खाली सोडलेल्या दोरीवरची चाळीस मीटरची खूण गाठायची आहे. तिच्या जरा अलीकडेच छाती आचके देऊ लागते, हवा मागते. रोज तिथूनच परतते. सर म्हणतात, आचके सगळ्यांनाच येतात, त्यांच्याशी भांडायचं नाही.

१४ नोव्हेंबर
आज भांडले. खाली अंधारात छातीला बजावलं, पुरे, आता गप्प बस. ती गप्प झाली. एकही आचका नाही. खूण हाताला लागली! वर आले तेव्हा सर आनंदात होते, पण मी श्वासच घेत नव्हते. त्यांनी गालावर थापट्या मारून सांगितलं, तेव्हा घेतला.

१७ नोव्हेंबर
जेवताना कौसल्याबाई माझ्याकडे एकटक बघत राहिल्या.
"काहून वं नूपुर, तू श्वास नाही घेऊन राहिली?"
खरंच घेत नव्हते. गुदमरलंही नव्हतं. सीताबर्डीच्या डॉक्टरांना फुप्फुसं उत्तम वाटली.

१९ नोव्हेंबर
सरांनी माझं पाण्यात उतरणं बंद केलं होतं. त्यांना न विचारता उतरले. खाली जाऊन छातीला म्हटलं, बोल आता, माग. विनवण्या केल्या. काही नाही. सर मागोमाग आले होते, त्यांनीच ओढून वर काढलं.

२० नोव्हेंबर
झोपले की श्वास थांबतो. कौसल्याबाई उशाशी बसून हलवतात. "घे वं माय, घे." त्यांचेही डोळे मिटतात—

२१ नोव्हेंबर
सर दवाखान्यात पुढं गेलेत. बाई ऑटो आणायला. तोवर लिहीत राहा म्हणाल्या, म्हणजे झोप लागणार नाही. घे. घेतला. बोटं निळी. दुखत काहीच नाही— तेच वाईट. घे. छान शांत वाटतंय. नको, घे— घेतला बहुतेक. ऑटो आली. बाई हाक मारताहेत. ओ द्यायला आधी श्वास