सोबतीचं माणूस

हमरापूर,
ता. ९ जून २०२४

सौ. अनिताताईस भाविकाचा सा. न. वि. वि.

पत्र तुझ्या शिवणवर्गाच्या पत्त्यावर टाकते आहे, म्हणजे सासूबाईंच्या हाती पडायचं नाही. फोनवर तू मध्येच भोपळ्याच्या भाजीचं सांगायला लागतेस, तेव्हाच मी ओळखते की सासूबाई शेजारी येऊन बसल्या.

बातमी अशी की मुंबईच्या हॉस्पिटलची तारीख मिळाली. दीड वर्षानं! ८ जुलैपासून पाच दिवस. डोक्याला वायरी चिकटवणार, समोर कॅमेरा लावणार, गोळ्या बंद करणार आणि फिट यायची वाट बघणार. ती मेंदूत कुठून सुरू होते ते सापडलं, तरच ऑपरेशन करता येईल की नाही ते ठरेल. अकरा वर्षं महिन्यातून तीन-चारदा पडतेच आहे, आता मुद्दाम पडायला जायचं. सोबतीला घरचं एक माणूस लागतं. आई येते आहे. कारखान्यात गणपती रंगवायची घाई आहे, तरी मालकांनी तिला सोडलं. माझं तर काही अडतच नाही, मला रंगाच्या डब्याजवळसुद्धा एकटीला बसू देत नाहीत.

बरी झाले की एकटी रोह्याला उतरून, पूल ओलांडून चालत तुझ्या दारात येईन. तुझ्या लग्नाला सहा वर्षं झाली, मी तुझं घर पाहिलेलं नाही.

तुझ्या मायेत माझा वाटा ठेव.
तुझी,
भाविका

•

अष्टमी, रोहा,
ता. १६ जून २०२४

चि. भाविकास अ. उ. आ.

तुझं पत्र वाचताना एका बाईचं माप घ्यायचं राहूनच गेलं. ती बिचारी हात वर करून तशीच उभी.

आईला मात्र नीट समजावून ने. अकरा वर्षांत तिनं तुझी एक गोळी चुकवलेली नाही. आपले आप्पा वारले त्या दिवशीही रडता रडता उठली, तुला गोळी दिली आणि पुन्हा जाऊन बसली. तिला आता एकदम थांब म्हणायचं म्हणजे अवघड आहे.

मी रोज देवाला सांगते आहे, हिला फिट येऊ दे. काय मागणं तरी! छोटी तिसऱ्यात गेली, फार बोलते. जितेश शिफ्टवर आहेत.

जिवाला जप, इतकंच मागते.
तुझी ताई

•

हमरापूर,
ता. १४ जुलै २०२४

सौ. ताईस सा. न. वि. वि.

आली नाही गं. पाच दिवसांत एकही नाही. जागं ठेवलं, दिव्यांची उघडझाप केली, सगळं केलं. शेजारच्या खाटेवरच्या मुलीला तीनदा आली, तर तिच्या आईनं वॉर्डभर पेढे वाटले. फिट आली म्हणून पेढे! मी एक खाल्ला आणि मला रडू आलं. डॉक्टर म्हणाले, असं क्वचित होतं. खाट पुढच्या माणसाला द्यायची होती, घरी पाठवलं. घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी मोरीत पडले. कपाळाला चार टाके आहेत.

आई माझ्याशी फारशी बोलत नाही. दमली असेल.

आठवण काढत जा.
भाविका

•

हमरापूर, २२ जुलै

अनितास आईचा आशीर्वाद.

चौथीतलं अक्षर हाय, हसू नको गो. तुला एक सांगते. गोळ्या मीच दिल्या. सकाळी चहात कुटून, सांजच्याला भातात. कमरेच्या बटव्यात ठेवलेल्या. कॅमेऱ्याकडं पाठ करून कालवल्या. अकरा वर्सं डाक्टर सांगत आलं, एक गोळी चुकली तर पोर हातची जाईल. आता तेच बोलतात बंद कर नि बघत बस. त्या बाजूच्या पोरीला फेपरं आलं तवा नर्सबाई तिला नाव विचारीत उभ्या व्हत्या. त्यांचं काम हाय तसं. माझ्यानं नाय व्हायचं. भाविकाचा हात चुलीत गेला तवा मी नुसती पाण्याला गेले व्हते.

तिला सांगू का नको? तू बोलशील तसं करीन.

आई

•

हमरापूर,
ता. ११ ऑगस्ट २०२४

सौ. ताईस सा. न. वि. वि.

तू बजावलंस म्हणून आईनं सांगितलं. चहा कडू लागत होता, मला वाटलं हॉस्पिटलचाच तसा. दोन दिवस मी तिच्या हातचं जेवले नाही. मग तीच जेवेना, म्हणून जेवले.

डॉक्टरांना खरं ते सांगितलं. रागावले नाहीत. कुणीतरी सोडलेली १० मार्चची तारीख दिली. आईला विचारलं, या वेळी जमेल का. ती म्हणाली, शपथ घालू नको, मोडीन.

तेव्हा तू ये. लहानपणी मी पडले की आई रडायची आणि तू घड्याळ बघायचीस, किती मिनिटं ते डॉक्टरांना सांगायला. पाच दिवस फक्त. आपल्याला तिसरं कोण आहे?

वाट बघते.
भाविका

•

अष्टमी, रोहा,
ता. २० फेब्रुवारी २०२५

चि. भाविकास अ. उ. आ.

सहा महिने उत्तर दिलं नाही. रोज लिहीन म्हणत होते.

दिवाळीनंतर छोटीला तापात झटका आला. डॉक्टर म्हणाले, तापातला आहे, घाबरू नका. घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, तुमच्याकडे कुणाला आहे का असलं काही. मी नाही म्हणाले. छोटी मांडीवर होती आणि मी तुला नाही म्हणाले.

जितेशना तुझ्या तारखेचं सांगितलं. ते म्हणतात, आता कळलं तर आई म्हणेल सहा वर्षं फसवलंत, आणि आयुष्यभर पोरीकडे त्याच नजरेनं बघेल. माहेरी जाते म्हणावं, तर सासूबाईंची बहीण हमरापूरजवळ पेणलाच राहते, दुसऱ्या दिवशी येऊन उभी राहील. मला येता येणार नाही. तारीख पुढे ढकलता येते का बघ.

माफ कर असं लिहून दोनदा खोडलं.
ताई

•

हमरापूर,
ता. ३ मार्च २०२५

सौ. ताईस सा. न. वि. वि.

छोटीला पुन्हा तसं झालं तर कुशीवर वळवा. चमचा, कांदा, चप्पल, कुणी काहीही म्हणालं तरी तोंडात घालू देऊ नका, नाकाशी धरू देऊ नका.

पुढे ढकलायची तर पुन्हा दीड वर्ष, आणि दीड वर्षानं तरी कोण असणार आहे? म्हणून फोन करून तारीख सोडली. तिथल्या बाईंनी कारण विचारलं. सोबतीला कोणी नाही असं सांगितलं. घरी कोण कोण असतं म्हणून त्यांनी विचारलं, तेव्हा मी सांगत गेले की आई आहे, मोठी बहीण आहे, भावोजी आहेत, एक भाची आहे. त्या बरं म्हणाल्या.

माया आहे तशी असू दे.
तुझी,
भाविका