कुंकू वाहिलेला कॉम्प्युटर

बुधवार, १४ ऑक्टोबर १९९८, सुरत

आणि वर दादाचं परत तेच, मास्तरानं पोरांपुढं चुकायचं न्हाय म्हणं! अरं दादा, मग शिकायचं कसं? तू मास्तर व्हावास म्हणून मी सातवीत शाळा सोडली, पुढं हितं कापडाच्या लूमवर आलो. आता एका कॉम्प्युटरला भिऊन राजीनामा देणार?

संध्याकाळी बूथवरून गावाकडं फोन लावला. दादाच्या शाळेत कॉम्प्युटर आलाय, दिवाळीनंतर पोरांना शिकवायचा हुकूम हाय. आणि ह्यानं दसऱ्याला त्याची पूजा केली, बटणांवर हळदकुंकू वाहिलं. एक बटण रुतून बसलं. तेव्हापासून वरचं फडकंच काढलं न्हाय.

"बिघडला तर भरून कोण देणार? तुला काय कळतंय, सातवीतनं पळालेला!"

"पळालो न्हाय. आणि लूम मी धागे तोडूनच शिकलो. तू बारामतीच्या कॉम्प्युटर क्लासला जा. त्या बटणाचंबी तिथंच विचार."

मग हळू म्हणाला, "तिथं शिकवणारी पोरगी माझ्याच वर्गातली हाय रं, गणपा. तिला पाढे मी शिकवले."

मी फोन ठेवला. मला कुणी परत वर्गात घेतलं असतं, तर मी त्या पोरीपुढं मांडी घालून बसलो असतो. पण दादाला कसं बसवू? ते कुंकवाचं बटण सारखं डोळ्यापुढं येतंय.

दिवाळीला गावी जात न्हाय. तिकिटाचे पैसे उद्या मनिऑर्डरनं धाडतो. फॉर्मवर लिहीन, 'दादा, ही क्लासची फी, त्या पोरीच्याच हातात दे.' सहाशे रुपये.